अमीबाला स्नायू नाहीत, मग पाय पुढे ढकलतं कोण?

घोळसम्राट

मंडळी, एकदम बेसिक प्रश्न आहे, हसू नका. लेक आठवीत आहे, तिच्या पुस्तकात एका ओळीत विषय संपवलाय, अमीबा छद्मपादांनी हालचाल करतो, बास. तिने विचारलं, बाबा छद्मपाद म्हणजे खोटा पाय ना, खऱ्या पायाला स्नायू हलवतात मग खोट्याला कोण? मी आपलं ठोकून दिलं की आतलं पेशीद्रव पुढे वाहतं आणि त्याचा पाय होतो. त्यावर बाईसाहेब म्हणतात, वाहायला उतार लागतो, अमीबाच्या पोटात उतार कुठून आला?

मी गप्प.

मग रात्री शोधत बसलो तर ती १९५० च्या दशकातली जुनी फिल्म सापडली, डेव्हिड रॉजर्स नावाच्या डॉक्टरने घेतलेली, बऱ्याच जणांनी पाहिली असेल. लाल पेशींच्या गर्दीतून एक पांढरी पेशी दोन-चार टिंबांएवढ्या जिवाणूंच्या मागे लागलीये, ते वळले की ही वळते, लाल पेशी बाजूला सारत घुसते आणि शेवटी गिळते. मेंदू नाही, डोळे नाहीत, हाडं नाहीत, आणि तरी अगदी मांजर उंदरामागे जातं तसं दिसतं. बघून माझेच प्रश्न वाढले. ढकलतं कोण हा एक, कुठे जायचं हे कळतं कसं हा दुसरा, आणि तिसरा म्हणजे शुक्राणूची शेपटी, जिवाणूची शेपटी, आपल्या श्वासनलिकेतले ते केस, हे सगळं एकच तंत्र आहे का वेगवेगळं? लेकीला सांगता येईल अशा भाषेत सांगा, पण मला लहान समजून सांगू नका 😄

पाटीपेन्सिल

पेशीद्रव घट्टाचं पातळ होतं, पातळाचं घट्ट होतं, त्यामुळे पुढे सरकतो. आम्हाला तरी एवढंच होतं आणि तेवढ्यावर पूर्ण मार्क मिळाले. धागा बंद करा.

घोळसम्राट

अहो ते मीही घोकलंय, पण पातळ झालं म्हणून पुढेच का जाईल, मागे का नाही? उताराचा प्रश्न तसाच राहिला की.

निवृत्त काचपट्टी

तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय. माझी सगळी नोकरी काचेच्या बशीत पेशी वाढवण्यात गेली त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी अमीबा बाजूला ठेवू आणि तुमची ती पांढरी पेशी घेऊ, कारण तिचं गणित जास्त स्वच्छ मांडता येतं. तिच्या आत ॲक्टिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. सुटा ॲक्टिन म्हणजे एक गोळी. या गोळ्या एकमेकींना चिकटून धागा बनतो, जाडी साधारण ७ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करा आणि त्यातला एक घ्या. या धाग्याची दोन टोकं सारखी नसतात हे महत्त्वाचं. एका टोकाला गोळ्या पटापट लागतात, दुसऱ्या टोकाने सुटतात. पटापट लागणारं टोक पेशीच्या पुढच्या कडेकडे तोंड करून असतं.

आता ढकलतं कोण. लाकूड फोडताना पाचर कशी मारतात, फट पडली की पाचर आत, मग लाकूड परत मिटू शकत नाही. इथे तेच. पेशीचं पटल काही ताठ भिंत नाही, उष्णतेमुळे ते सतत थरथरत असतं, आणि ॲक्टिनचा धागाही वाकतो-हलतो. थरथरताना पटल आणि धाग्याचं टोक यांच्यात क्षणभर फट पडते. फट गोळीला शिरण्याइतकी झाली की गोळी शिरते आणि चिकटते. आता पटलाला मागे यायला जागाच नाही. एका गोळीने धागा साधारण २.७ नॅनोमीटर लांब होतो, तेवढं पटल पुढे. परत थरथर, परत फट, परत गोळी. स्नायूसारखं कुणी आकुंचन पावून पाय फेकत नाही, पाय तिथल्या तिथे बांधला जातो. मुलीला विचारा, उतार नसतानाही भिंत पुढे सरकवायची तर काय कराल, भिंतीला टेकून विटा रचत जाल ना, फक्त भिंत आपणहून हलती पाहिजे.

हिशोब करायचाय? अशी पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटर जाते असं धरा, म्हणजे जेवढी स्वतः लांब तेवढी मिनिटाला. सेकंदाला झाले १६७ नॅनोमीटर. भागिले २.७. म्हणजे प्रत्येक धाग्याच्या टोकाला सेकंदाला ढोबळ साठेक गोळ्या. आणि असे धागे एक-दोन नाहीत, पुढच्या कडेला दाट झाडी असते, कारण आर्प २/३ नावाचा प्रथिनांचा गट जुन्या धाग्याच्या कडेला बसून साधारण ७० अंशात नवी फांदी फोडतो, त्या फांदीला पुन्हा फांदी. ही झाडी जिथे असते तो भाग म्हणजे पेशीची पसरलेली पातळ झालर, जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर जाड.

मग एवढ्या गोळ्या येतात कुठून? मागून. कोफिलिन नावाचं प्रथिन जुने धागे तोडत बसतं, सुट्या झालेल्या गोळ्या एटीपी (पेशीचं इंधन) घेऊन ताज्यातवान्या होतात आणि परत पुढच्या कडेला कामावर हजर. पेशी पुढे जाते पण झाडीतला धागा काचेच्या हिशोबाने जवळपास जागेवरच असतो, पुढे बांधला जातो, मागे मोडला जातो.

पण नुसतं पुढे ढकलून भागत नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून भिंतीला रेटा दिला तर आपणच मागे घसरतो. म्हणून झालरीखाली इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात, पटलातून आरपार गेलेली, बाहेरून खालच्या जमिनीला धरतात आणि आतून मधल्या इतर प्रथिनांमार्फत ॲक्टिनला. मग मागच्या बाजूला मायोसिन, हो तेच स्नायूतलं, ते धागे आवळतं आणि शेपटाकडचा भाग ओढून घेतं. म्हणजे स्नायूची मंडळी इथे आहेतच, पण बरीचशी मागे. पुढे टाका, धरा, मागचं सोडा आणि ओढा. हा क्रम मायकेल ॲबरक्रॉम्बी या ब्रिटिश माणसाने फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) तासन्‌तास बघून मांडला होता, आणि आजही शिकवतात तोच.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. फायब्रोब्लास्ट फार आळशी, मिनिटाला एक मायक्रोमीटरसुद्धा धड जात नाही, नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून रात्रभर दर दोन मिनिटांनी फोटो घ्यायचो आणि सकाळी फिल्म पळवायचो. त्यात पुढची झालर फडफडत जाते, मधेच उचलली जाते, मागे मुडपते, परत पसरते, पण बघण्यासारखं असतं ते शेपूट. पुढचा भाग निघून गेलेला असतो आणि शेपूट काचेला चिकटून बसलेलं, लांब लांब ताणलं जातं, अगदी रबर ताणल्यासारखं, आणि मग एका फ्रेममध्ये फट्‌कन सुटतं आणि पेशी एकदम पुढे उडी मारते. नीट बघितलं तर काचेवर बारीक तंतू मागे राहिलेले दिसतात, पायाची पकड तिथेच तुटून राहिलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं तिच्याबद्दल.

पाटीपेन्सिल

काकू, जोरात. माझे शब्द मागे घेतो, पूर्ण नाही, अर्धे.

खोडसाळ रेणू

पाचरीची गोष्ट नुसती कल्पना नाही त्याला एक झकास पुरावा आहे तो टाकतो. लिस्टेरिया नावाचा जिवाणू आहे, आपल्या पेशीत शिरतो. शिरल्यावर त्याला तिथे पोहता येत नाही, पण त्याच्या पाठीवर एक प्रथिन असतं जे आपल्या पेशीचं आर्प २/३ कामाला लावतं. झालं, जिवाणूच्या मागे आपलेच ॲक्टिन धागे वाढायला लागतात आणि त्याला पुढे ढकलत नेतात, मागे धूमकेतूसारखी शेपटी. टिल्नी आणि पोर्टनॉय यांनी १९८९ मध्ये हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. पठ्ठ्या असा ढकलला जात पेशीच्या पटलाला बोटासारखा फुगवटा आणतो आणि थेट शेजारच्या पेशीत घुसतो, बाहेर पडायची गरजच नाही, त्यामुळे रक्तातल्या अँटिबॉडीच्या तावडीतून सुटतो. फुकट रिक्षा.

आणि १९९९ मध्ये फ्रान्समधल्या गटाने पेशीच काढून टाकली, परीक्षानळीत मोजकी शुद्ध प्रथिनं, ॲक्टिन, आर्प २/३, कोफिलिन, टोकं बंद करणारं एक प्रथिन वगैरे, एटीपी, आणि जिवाणू. तरी जिवाणू पळाले. मायोसिन नव्हतं त्यात! म्हणजे ढकलायला मोटर लागत नाही, रचणं पुरतं.

घोळसम्राट

मायोसिन नसताना पळाले हे भारी आहे. पण मग काकू म्हणतात मागून मायोसिन ओढतं ते कशासाठी, तेही नसलं तर चालेल का?

निवृत्त काचपट्टी

लिस्टेरियाला मागचं अंग ओढून घ्यायचं नसतं ना, तो एक टणक कॅप्सूल, पाठीला रेटा दिला की सगळाच जातो. पेशीचं तसं नाही, पुढचं पसरलं तरी मागचं काचेला चिकटून राहतं. मायोसिन दाबून टाकलं तर पुढची झालर चालू राहते पण शेपूट लांबतच जातं, ते मी स्वतः पाहिलंय. पेशी चिंगमसारखी लोंबते.

आणि जाता जाता, माशाच्या खवल्यावर केराटोसाइट नावाच्या पेशी असतात, अर्धचंद्रासारख्या, मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर सहज जातात, आकार जराही न बदलता, काचेवर तरंगल्यासारख्या. त्यांच्या झालरीचा एक तुकडा कापून वेगळा केला, ज्यात केंद्रक नाही, गुणसूत्रं नाहीत, काही नाही, तर तो तुकडाही आपला आपण चालत राहतो. तुमच्या मेंदू नसल्याच्या प्रश्नाला हे उत्तर म्हणून पुरेसं आहे की नाही बघा.

पाटीपेन्सिल

आता माझे राहिलेले अर्धे शब्द. धागा अमीबाचा होता आणि सगळे पांढऱ्या पेशीवर गेलात. मोठा अमीबा, प्रोटियस, अर्धा मिलिमीटरपर्यंत असतो, त्याचं तंत्र काकूंच्या पातळ झालरीसारखं नाही. त्याचा पाय जाड नळीसारखा असतो आणि आतून द्रव खरंच वाहतं, कण पळताना दिसतात. त्याचं बाहेरचं अस्तर घट्ट, आतलं पातळ. घट्ट अस्तरात ॲक्टिन आणि मायोसिनचं जाळं असतं, ते आवळलं जातं आणि आतलं पातळ द्रव जिथे अस्तर कमकुवत तिथे घुसतं. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबली की तोंडातून येते तसं. लेकीला सांगा, उतार नाही, दाब आहे. म्हणजे पुस्तकातलं घट्ट-पातळ अगदीच टाकाऊ नव्हतं.

खोडसाळ रेणू

ट्यूबची थिअरी इतकी सरळ नाहीये पाटीसाहेब. रॉबर्ट ॲलन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास अमीबाला बारीक काचनळीत ओढून त्याचं पटलच फोडलं, म्हणजे ट्यूबच फाटली, दाब धरून ठेवणारं काही उरलं नाही, आणि तरी आतल्या द्रवाचे प्रवाह काही वेळ चालूच राहिले. त्यावरून त्याने म्हटलं की ओढ पुढच्या टोकाकडून आहे, जिथे पातळ द्रव कारंज्यासारखं कडेला वळून घट्ट होतं. मग मागून दाब की पुढून ओढ यावर वर्षानुवर्षं हाणामारी.

पाटीपेन्सिल

हाणामारी माहितीये. पण ॲक्टिन आणि मायोसिन आवळतात यावर दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतंच की, कुठे आवळतात यावर भांडण. आणि दाबाने चालणं हे फक्त अमीबाचं खूळ नाही, आपल्या काही कॅन्सरच्या पेशी आणि भ्रूणातल्या काही पेशीसुद्धा असंच करतात, अस्तर एका जागी फाटतं आणि पटलाला फुगा येतो, मग त्या फुग्यात नवीन अस्तर तयार होतं. तीच पेशी मोकळ्या जागी काकूंच्या पद्धतीने आणि चिंचोळ्या जागी माझ्या पद्धतीने चालू शकते. त्यामुळे ड्रॉ.

निवृत्त काचपट्टी

ड्रॉ मान्य 🙂 उगाच चर्चा बिघडवली नाही ते बरं केलंत.

अर्धवट अभियंता

तिसऱ्या प्रश्नावर येतो, शेपट्या. इथे मराठी पुस्तकांनी आपला मोठा घोळ केलाय कारण जिवाणूच्या शेपटीलाही कशाभिका आणि शुक्राणूच्या शेपटीलाही कशाभिका. नाव एक, यंत्रं दोन, आणि दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही.

जिवाणूची कशाभिका चाबकासारखी वळवळत नाही, ती गोल फिरते. मुळाशी पेशीच्या आवरणात बसवलेली खरीखुरी मोटर आहे, जेमतेम ४५ नॅनोमीटर रुंद. तिला एटीपी लागत नाही, बाहेरचे प्रोटॉन आत शिरतात त्या प्रवाहावर फिरते, पाणचक्कीच म्हणा (काही समुद्री जिवाणू सोडियमवर चालवतात). फिरते हे सिद्ध कसं केलं तेही मजेशीर. शेपटी इतकी बारीक, २० नॅनोमीटर, की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. १९७३ मध्ये बर्ग आणि अँडरसन यांनी मांडलं की ती फिरत असणार, आणि १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी शेपटीचं टोक काचेला चिकटवून टाकलं. शेपटी अडकली, मग मोटरने काय फिरवायचं, तिने अख्खा जिवाणूच गरगर फिरवला. पंख्याची पाती धरून ठेवल्यावर पंखाच फिरायला लागावा तसं.

पण मला जे खरं वेड लावतं ते पाणी. आपण पोहताना हात मारला की पुढे थोडं वाहत जातो. जिवाणूला ती चैनच नाही. दोन मायक्रोमीटरचं अंग, सेकंदाला वीस-तीस मायक्रोमीटर वेग, या मापाला पाणी म्हणजे डांबर. मोटर बंद केली तर तो किती पुढे घरंगळेल? एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी. म्हणजे थांबला तर जागच्या जागी. एडवर्ड पर्सेल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ च्या लेखात हे फार सुंदर सांगितलंय, आणि त्याचाच पुढचा मुद्दा असा की या डांबरात नुसती उघडझाप करून तुम्ही कुठेच जात नाही. शिंपला हळू उघडला आणि पटकन मिटला तरी जितका पुढे तितकाच मागे, वेगाने फरकच पडत नाही. हालचाल अशी पाहिजे की फिल्म उलटी फिरवली तर वेगळी दिसली पाहिजे. म्हणून कुणी मळसूत्र फिरवतो, कुणी शेपटीतून लाट सोडतो. वल्ह्यासारखी ताठ शेपटी इकडेतिकडे हलवणारा जीव या मापात जन्मालाच येऊ शकत नाही.

कुठे जायचं ते कसं कळतं त्याचं पण सांगून टाकतो जिवाणूपुरतं. ई. कोलाय, हा आपल्या आतड्यातला जिवाणू, सरळ पळतो साधारण एक सेकंद, मग मोटर उलटी फिरते, शेपट्यांची जुडी सुटते आणि तो जागेवर कोलांटी खातो, तोंड भलतीकडे, परत पळ. अंगाने इतका छोटा की नाक आणि शेपूट यांच्यातला वासाचा फरक त्याला लागत नाही, म्हणून तो आत्ताचं आणि तीन-चार सेकंदांपूर्वीचं ताडून बघतो. बरं चाललंय असं वाटलं तर कोलांटी लांबणीवर टाकतो. झालं एवढंच. दिशा निवडत नाही, वाईट दिशा लवकर सोडतो. दारू प्यायलेला माणूस पण घराकडे चाललेला.

घोळसम्राट

अणूपेक्षा कमी??? हे मी आजच्या जेवणात सगळ्यांना ऐकवणार. मग ती पांढरी पेशी पण असंच करते का, कोलांट्या दिसल्या नाहीत फिल्ममध्ये.

खोडसाळ रेणू

नाही, ती मोठी आहे म्हणून तिला जागेवरच तुलना परवडते. सगळ्या अंगावर वास घेणारे रिसेप्टर असतात, पुढे किती भरले आणि मागे किती भरले यातला एक-दोन टक्क्यांचा फरकसुद्धा तिला पुरतो. वास कसला, तर जिवाणू आपली प्रथिनं बनवताना सुरुवात एका विशिष्ट अमिनो आम्लाने करतात, फॉर्मिल लावलेलं मेथिओनिन, आपल्या पेशीद्रवात बनणाऱ्या प्रथिनांची सुरुवात तशी नसते, त्यामुळे ते तुकडे म्हणजे चोराच्या पावलांचे ठसेच. ज्या बाजूला जास्त भरले तिकडे आत रॅक नावाचं प्रथिन जागं होतं, ते आर्प २/३ पर्यंत निरोप पोचवतं, तिकडे झाडी वाढते. मागे ऱ्हो नावाचा दुसरा, तो मायोसिनला आवळायला लावतो. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एक जिथे वरचढ तिथे दुसरा दबतो, त्यामुळे पुढे ते पुढेच आणि मागे ते मागेच. गंमत म्हणजे आपल्याच मायटोकाँड्रिया पण फॉर्मिलवाली प्रथिनं बनवतात (मूळचे जिवाणूच ना ते) म्हणून नुसता मुका मार लागला, जंतू नाहीत, तरी पेशी फुटल्या की पांढऱ्या पेशी धावत येतात.

मधलीसुट्टी

श्वासनलिकेतल्या केसांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, ते आमच्या घरचंच प्रकरण आहे. माझ्या मावसभावाला जन्मापासून सर्दी-खोकला. कान फुटायचा, सायनस, दरवर्षी दोन-तीनदा छातीत कफ, आणि प्रत्येक वेळी ॲलर्जी ॲलर्जी म्हणून औषधं. मग तो एकोणीस वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी एक्स-रे लाइटवर धरला आणि टेक्निशियनला ओरडले की फिल्म उलटी लावलीस. उलटी नव्हती. त्याचं हृदयच उजवीकडे आहे. त्याआधी किती एक्स-रे निघाले असतील, प्रत्येकाने फिल्म सरळ करून वाचली असणार, आम्ही अजून हसतो आणि चिडतो पण.

तेव्हा मी सगळं वाचून काढलं. ते केस म्हणजे पक्ष्माभिका, पुस्तकात रोमके पण म्हणतात. आत सूक्ष्मनलिकांच्या (प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या) नऊ जोड्या गोल आणि मध्ये दोन सुट्या, शुक्राणूच्या शेपटीत पण हीच रचना, पॅरामेशियममध्ये पण हीच. शेजारशेजारच्या जोड्यांमध्ये डायनीन नावाचं प्रथिन असतं, त्याला हातासारखे फाटे असतात, १९६५ मध्ये इयान गिबन्स यांनी त्याला हे नाव दिलं. हे हात एटीपी खर्चून शेजारच्या नलिकेवर सरकतात, पण नलिका मुळाशी बांधलेल्या असल्याने नुसतं सरकता येत नाही, मग केस वाकतो. म्हणजे इथे मोटर मुळाशी नाही, पूर्ण लांबीभर आहे, जिवाणूच्या बरोबर उलट. श्वासनलिकेतल्या एकेका पेशीवर असे दोनशेच्या आसपास केस, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात, सगळे ओळीने, आणि कफ घशाकडे ढकलतात. म्हणजे इथे पेशी जागेवर आणि बाहेरचं जग सरकतं.

भावाच्या केसांना डायनीनचे हातच नाहीत. कफ हलत नाही, म्हणून जंतू मुक्कामाला. आणि हृदय उजवीकडे का, तर गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्यावर एक छोटा खड्डा असतो, त्यातल्या पक्ष्माभिका गोल फिरून द्रव डावीकडे वाहवतात, त्यावरून डावं कुठलं ते शरीराला कळतं. जपानमध्ये हिरोकावांच्या गटाने १९९८ मध्ये उंदराच्या गर्भात हा प्रवाह दाखवला. केस हललेच नाहीत तर डावं-उजवं नाणेफेकीवर, म्हणून असे आजार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचेच अवयव उलटे असतात. कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये ही लक्षणं एकत्र मांडली होती पण या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध ते १९७६ पर्यंत कोडंच होतं. मग स्वीडनच्या आफझेलियस यांना मूल होत नसलेल्या पुरुषांच्या न हलणाऱ्या शुक्राणूंमध्ये डायनीनचे हात गायब दिसले, आणि त्यातल्या काहींचं हृदय उजवीकडे. सर्दी, वंध्यत्व आणि उजवं हृदय, तिन्ही एका प्रथिनाच्या हातांवर लटकलेलं.

भाऊ आता बरा आहे. रोज छातीची फिजिओथेरपी करतो, केसांनी जे करायचं ते हाताने थोपटून.

अर्धवट अभियंता

ताई, फिल्म उलटी लावलीस वाचून अंगावर काटा आला.

बाकावरचा

सगळे एवढं छान लिहितायत तर माझी फजिती पण ऐका. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हँगिंग ड्रॉप (काचेखाली लोंबता थेंब) लावून जिवाणू चल की अचल ते सांगायचं होतं. मी बघितलं, सगळे नुसते थयथय नाचतायत, मी छातीठोकपणे लिहिलं चल, अत्यंत चपळ. बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, बाळ, यातला एक जिवाणू धर आणि मला सांग दहा सेकंदांत तो कुठून कुठे गेला. बघितलं तर जिथे होता तिथेच थरथरतोय. ते कल्चर मेलेलं होतं, उकळून दिलेलं. पाण्याचे रेणू धडका देतात म्हणून होणारी थरथर, रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतून आलेल्या बारीक कणांची पाहिली तीच. तेव्हा लेकीला मायक्रोस्कोप दाखवणार असाल तर आधी हे सांगा, नाचतो तो चालतोच असं नाही.

घोळसम्राट

थँक्यू थँक्यू सगळ्यांना. काल पूर्ण धागा तिला वाचून दाखवला, पाचर पटली, दाब पटला, अणूवर विश्वास बसला नाही. आणि आता नवीन शंका, ॲक्टिनऐवजी दुसऱ्या कसल्या विटा वापरल्या तर चालेल का, की ॲक्टिनच पाहिजे? आणि शाळेतून एक मायक्रोस्कोप दोन दिवसांसाठी मिळालाय, खरा अमीबा कसा बघायचा ते पण सांगा.

निवृत्त काचपट्टी

शंकेचं उत्तर आहे, हो चालतं, आणि एका जीवाने करून दाखवलंय. गोलकृमींचे शुक्राणू. त्यांना शेपटी नसते, ते चक्क रांगतात, पुढे तीच पंख्यासारखी झालर काढून. पण त्या झालरीत ॲक्टिन नाहीच म्हटलं तरी चालेल, वेगळंच प्रथिन आहे, मेजर स्पर्म प्रोटीन, त्याचे धागे पुढे रचले जातात, मागे सुटतात. मायोसिनसारखी ओढणारी मोटर तर त्या धाग्यांना नाहीच, मागे धागे सुटे होतानाच अंग ओढलं जातं. पाचर तीच, लाकूड वेगळं.

अमीबासाठी, साचलेल्या तळ्याचं पाणी आणा पण वरचं नको, तळाचा गाळ आणि कुजकं पान पाहिजे. बशीत घालून चार-पाच दिवस सावलीत राहू दे. गाळातला थेंब घ्या, वर कव्हरस्लिप ठेवण्याआधी दोन बाजूंना केसाचा तुकडा ठेवा नाहीतर चिरडेल. दिवा कमी, डायफ्रॅम (स्लाइडखालची उजेड कमी-जास्त करणारी झडप) बराच बंद, नाहीतर काही दिसणार नाही, काचेत काच शोधण्यासारखं असतं. पॅरामेशियम सारखे मधून सुसाट जातील, तिकडे लक्ष देऊ नका. कडा बदलणारा राखाडी डाग दिसला की थांबा.

घोळसम्राट

काकू, सापडला!!! तीन स्लाइड वाया गेल्या, चौथ्यावर लेकीला दिसला, मला तर तो घाणीचा ठिपकाच वाटला होता. आतले कण रांगेने पुढे पळत होते, टोकाशी जाऊन अडायचे आणि मग दोन्ही कडांना वळून थबकायचे, अगदी कारंजं म्हटलं होतं तसंच. एक पाय पुढे, मग बाजूने दुसरा फुटला, पहिला तसाच अर्धा राहिला आणि हळूहळू आत गेला. ती वीस मिनिटं डोळा लावून बसली होती, मला बघूच देईना. मग मी नीट दिसावं म्हणून दिवा वाढवला आणि तो सगळे पाय आत घेऊन गोळा होऊन बसला. घरात सध्या माझ्याशी कुणी बोलत नाहीये.